सारमानस

बाबांनी बार्जच्या इंजीनखोलीत सव्वीस वर्षं काढली.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं,
मुरगावला रितं करायचं,
आणि मधल्या साऱ्या पाण्यात दोन डिझेल इंजिनं
कानापासून हातभर अंतरावर.
कंपनी कापूस द्यायची. आई त्याच्या वाती वळायची.

आता माझं नाव त्यांच्यापर्यंत पुरतं पोचत नाही.
सुहिता म्हटलं की स गळतो, ह गळतो, त गळतो.
उरतं उ, इ, आ,
फेरी सुटून गेल्यावर पलीकडच्या काठावरून
कुणी कुणाला हाळी घालावी तसं.
त्यांचा आलेख माझ्या टेबलावर आहे.
चार हजार हर्ट्झपाशी रेघ अचानक खाली जाते,
डिचोलीत टेकडी संपून खाण लागते तशी.

बांबोळीला मी मासे पाळते.
नखाएवढे, पट्टेरी. त्यांच्या अंगावर
आपल्या कानात असतात तशाच केसपेशी.
सोमवारी पाण्यात औषध घालून मी त्या मारते.
गुरुवारी पाहावं तर पुन्हा उभ्या,
जणू मी काही केलंच नव्हतं.
आपल्याला जन्मताना कानागणिक पंधराएक हजार मिळतात.
त्यातली गेलेली एकही
अजून कुणाच्या दारी परत आलेली नाही.

एका रविवारी बाबांना प्रयोगशाळेत नेलं.
नको म्हटलं तरी त्यांनी चपला बाहेर काढल्या.
पडद्यावर उंदराचा कान लावला:
पेशींच्या तीन ओळी, सरळ, लावणी केल्यासारख्या,
आणि मग एकदम
काहीच नाही.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, खोली भरून:
"हें आमचें खाजन मगो. बांद फुटला हांगा."

बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आम्ही मानस म्हणतो.
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला आपणहून उघडतं.
केसाच्या टोकाशीही असंच दार आहे.
आवाज रेटतो, ते उघडतं, क्षार आत शिरतात,
आणि आपण म्हणतो, कुणीतरी हाक मारली.
या दारावर मी चौदा वर्षं लिहिते आहे.
बाबांना ते पाहायला सहा मिनिटं लागली.

त्यांनी विचारलं, माशाच्यात पेरतो कोण?
मी कागदावर लिहिलं: शेजारच्या पेशी.
एकीच्या दोन होतात. एक जागा राखते,
दुसरी केस धरते.
"आनी आमच्यांत?"
आपल्यातही शेजारी धावून येतात, लिहिलं मी,
भगदाड बुजवतात, चिखल लिंपतात, घरी जातात.
पेरत कुणी नाही.
बाबा खूप हसले. "म्हणजे आमच्याच गांवचे."

उंदरांत आम्ही अकरा पेशी उगवून दाखवल्या.
अकरा.
एकीलाही मज्जातंतू येऊन मिळाला नाही.
दारं उघडतात, मिटतात,
निरोप न्यायला माणूस नाही.
हे मी त्यांना लिहून दिलं नाही.
कागद संपला होता, असं समजा.

परतताना फेरीत बाबांनी कठड्यावर तळवा टेकला.
नदीच्या मध्यावर म्हणाले,
"दुसरो सिलिंडर पडटा."
मी कान दिला. माझे दोन्ही शाबूत आहेत,
दर वर्षी तपासते.
मला नुसतं इंजीन ऐकू आलं.
दोर गुंडाळणारा खलाशी मात्र थांबला,
"तीन दीस जाले, पात्रांव. तुमकां कशें कळ्ळें?"
बाबांना तो प्रश्न ऐकू गेला नाही.
मीही कठड्यावर हात ठेवून पाहिला.
लोखंड तापलेलं होतं.